सिस्टरचा पासपोर्ट

पोलिसातल्या नोकरीतले बरेच गुन्हे आता आठवणीत एकमेकांत मिसळू लागले आहेत. कुठली घरफोडी खोपोलीची आणि कुठली पेणची, हे सांगताना अडखळायला होतं. पण कर्जतचं पासपोर्टाचं प्रकरण तासागणिक लक्षात आहे. त्यातल्या कुणाचंही नाव मी इथे देणार नाही. दिलं असतं तरी त्यातल्या मुख्य बाईंना नावाने ओळखणारे थोडेच निघाले असते. सगळा तालुका त्यांना सिस्टर म्हणायचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कर्जतला नवा फौजदार होतो. पौष महिना होता, खळ्यांवर भाताची झोडणी चालू होती. बुधवारी सकाळी हजेरी घेऊन मी स्टेशन डायरी चाळत बसलो होतो, तेवढ्यात सिस्टर आत आल्या आणि खुर्ची देण्याआधीच म्हणाल्या, "साहेब, माझा पासपोर्ट सापडत नाही. शुक्रवारी संध्याकाळी माझं विमान आहे."

आमच्या ठाण्यात पासपोर्ट कुणी पाहिलेला नव्हता. ठाणे अंमलदाराने लेखणी उचलली आणि शब्द कसा लिहायचा म्हणून माझ्याकडे पाहिलं.

सिस्टर तीस वर्षं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. मुंबईत शिकत असताना त्यांच्याबरोबर मॉरिशसची एक मुलगी होती. तिचे पूर्वज कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यांवर कामाला गेलेले, घरात मराठी टिकलेली. शिक्षण संपून ती परत गेली, पण दोघींची पत्रं तीस वर्षं चालू राहिली. ती आता विधवा होती. समुद्राला लागून तिचं घर होतं आणि त्यातल्या चार खोल्या ती पाहुण्यांना द्यायची. उरलेलं आयुष्य दोघींनी तिथे एकत्र काढायचं, असं ठरलं होतं.

गावाला या गोष्टीचं केवढं अप्रूप. युरोपातले लोक विमानाने तिथे केवळ ऊन खायला येतात, हे तर कुणाला पटतच नव्हतं. "उनाचा काय तोटा हाय हितं, शिस्टर? चैतात या आमच्या खळ्यावर," असं त्यांना भर बाजारात कुणीतरी सुनावलं होतं. सोमवारी निरोपाचा कार्यक्रम झाला. दवाखान्यामागच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये दिवसभर माणसांची रीघ होती. कुणी नारळ आणले, कुणी लुगडी, कुणी नव्या भाताचे पोहे. आणि प्रत्येकाला पासपोर्ट पाहायचा होता. तो निळा कागदी ऐवज फोटोसकट शेकडो हातांतून फिरला.

"शेवटी कुणी ठेवला?" मी विचारलं.

"मीच. ट्रंकेत, साड्यांवर. आज सामान बांधताना पाहिलं तर नाही."

मी क्वार्टरवर जाऊन पंचनामा केला. ट्रंकेला सोमवारी कुलूप नव्हतं. पासपोर्ट होता त्याच जागी रुमालात गुंडाळलेली सोन्याची चेन होती आणि ती तशीच होती. ते पाहून माझं रक्त सळसळलं. सोनं सोडून पासपोर्ट नेणारा चोर साधा असेल कसा? मुंबईत फोटो बदलून पासपोर्ट विकणाऱ्या टोळ्यांविषयी मी ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. मला वाटलं, आपल्या पहिल्याच वर्षात मोठं प्रकरण हाती लागलं.

चोरीची फिर्याद लिहून घेतो म्हटल्यावर मात्र सिस्टरनी हात वर केला. "आधी शोधा. हरवला एवढंच लिहा. ज्यांच्यावर संशय घ्याल ती सगळी माझ्या दारात नारळ घेऊन आलेली माणसं आहेत." मग हळू आवाजात त्यांनी खरी अडचण सांगितली. तिथे राहण्याचा परवाना मिळायला दोन वर्षं लागली होती आणि त्यावर तिथे दाखल व्हायची मुदत त्याच महिनाअखेर संपत होती. नवा पासपोर्ट निघेपर्यंत परवाना रद्द होणार. क्वार्टरही सोडायचं होतं. इथलं घर सुटलेलं आणि तिथलं मिळालेलं नाही, अशी त्यांची गत होणार होती.

माझा पहिला संशय दवाखान्याच्या कंपाउंडरवर गेला. सिस्टर गेल्या तर दवाखाना बसेल, असं तो चारचौघांत बोलला होता आणि सोमवारी दिवसभर क्वार्टरमध्ये तोच राबत होता. मी त्याला ठाण्यात बोलावून दोन तास उभा केला. तेच प्रश्न उलटसुलट विचारले, टेबलावर हात आपटला, मुंबईत कुणाला ओळखतोस म्हणून दरडावलं. तो शांतपणे उत्तरं देत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, त्यांनी जाऊ नये असं मला रोज वाटतं. मला काम त्यांनीच शिकवलं. पण म्हणून मी त्यांची वाट अडवीन?" त्याचे डोळे भरून आले होते. मी तेही नाटक समजलो. आज त्याची लाज वाटते.

आमच्या ठाण्यात एक जुने हवालदार होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, चाल संथ, बोलणं त्याहून संथ. गुरुवारी रात्री उशिरा ते रेल्वे स्टेशनबाहेरच्या एका टांगेवाल्याला घेऊन आले. "साहेब, टोळीचं नंतर बघू. ह्याचं जरा ऐका."

टांगेवाला चाचरत म्हणाला, "साहेब, सोमवारची गोष्ट हाय. शिस्टरच्या हितून एक म्हातारी माझ्या टांग्यात बसली. नदीपर्यंत सोडली. वाटंत मला विचारते, कागद नसला तं इमान थांबतं का रं? मी म्हटलं, आजी, ती काय येष्टी हाय? मंग विचारते, परत कदी सुटतं? मी म्हटलं, सुटत असंल आठवड्यानं. तर म्हनाली, बरं, मंग काय हरकत नाय."

सोमवारी पासपोर्ट हरवल्याचं खुद्द सिस्टरनाही माहीत नव्हतं. मी खुर्चीवरून उठलोच.

म्हातारी कोंडाणे गावाच्या बाजूच्या एका वाडीतली, एवढं टांगेवाल्याला माहीत होतं. शुक्रवारी उजाडताच मी, हवालदार आणि एक शिपाई जीपने निघालो. नदीपाशी रस्ता संपला. गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलो आणि बांधाबांधाने अर्धा तास चाललो. सिस्टरना दुपारी तीनपर्यंत कर्जत सोडायचं होतं. मी सारखा मनगट वळवून घड्याळ बघत होतो. हवालदार मात्र नेहमीच्याच चालीने मागून येत होते.

म्हातारी खळ्यावर सापडली. सत्तरीची, सडपातळ, अंगावर भाताचा भुसा. मुलगा कुंभिवलीला कामाला गेलेला. घरात ती आणि सून. मी सरळ विचारलं, "सिस्टरचा कागद कुठे आहे?"

"कसला कागद?"

"सोमवारी गेली होतीस ना निरोपाला?"

"सगळाच गाव गेलेला. मी गेले तं काय झालं?"

प्रत्येक प्रश्नाला ती प्रश्नाने उत्तर देत होती. मी आवाज चढवला, झडती घेईन म्हणालो, बेड्यांची भीती घातली. म्हातारी सूप हातात धरून तशीच उभी. अशी माणसं धमकीने आणखी घट्ट होतात, हे मला तेव्हा कळायचं होतं.

हवालदारांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते घराच्या दाराकडे बघत होते. तिथे सून चौकट धरून बसली होती. पोट पुढे आलेलं, चेहरा घामाने डबडबलेला, आणि थंडी तर अशी की आमच्या तोंडातून वाफ निघत होती.

"साहेब, हिला कळा येताहेत," हवालदार हळूच म्हणाले. मग टोपी काढून ते म्हातारीजवळ खळ्यातच बसले. त्यांना स्वतःला पाच मुलं होती. "आजी, सुनेची कितवी खेप?"

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "तिसरी."

"आधीची दोन?"

सुनेने मान फिरवली.

"शिस्टरनी काय सांगितलं होतं?"

इथे म्हातारीचा बांध फुटला. "पोटावर हात ठिवून बोलल्या व्हत्या बाय, या टायमाला मी हाय, या टायमाला पोर रडनार. भाताची लावनी चालू व्हती तवा. मंग ऐकलं, त्या चालल्या. साहेब, मी चोर नाय. पोर हाती येईस्तवर ठिवून घेतला. मीच नेऊन देनार व्हते. चार दिस उशीर व्हईल, आठवड्यानं दुसरं इमान हाय, एवढंच मला वाटलं."

ती उठली, आत गेली आणि भाताच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घालून एक पुडकं काढलं. स्वच्छ धुतलेल्या फडक्यात पासपोर्ट होता. कोपराही दुमडलेला नव्हता. "आता न्या मला," ती म्हणाली, "फकस्त हिची सुटका व्हऊ द्या."

त्या क्षणी कायदा मला तोंडपाठ होता आणि काय करावं हे मुळीच कळत नव्हतं. तेवढ्यात सून कळवळून ओरडली. हवालदार म्हणाले, "साहेब, तुमचे पाय तरणे आहेत. पळा."

आणि मी पळालो. गणवेशात, पासपोर्ट छातीच्या खिशात घालून, बांधांवरून आणि नदीतून. जीप सुसाट सोडली. क्वार्टरमध्ये सिस्टर बांधलेल्या ट्रंकेवर बसल्या होत्या, शेजारी कंपाउंडर उभा होता. मी पासपोर्ट त्यांच्या हातात दिला आणि धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी पासपोर्ट उघडूनही पाहिला नाही.

"पाणी गेलंय का तिचं?"

मला प्रश्नच कळला नाही.

"कळा किती वेळाने येताहेत?"

"माहीत नाही, सिस्टर. पण तुमचं विमान..."

"दहा वाजलेत. चला." बाळंतपणाची बॅग दाराशीच होती, अजून कुणाला देऊन टाकलेली नव्हती. निघताना त्या कंपाउंडरला म्हणाल्या, "ट्रंक घेऊन तीनला ठाण्यासमोर थांब. मी येते."

त्यानंतरचे तीन तास मी खळ्यावर येरझाऱ्या घालत काढले. मूल पायाळू होतं. आतून सिस्टरचा आवाज तेवढा ऐकू यायचा, कधी दटावणारा, कधी लाडाचा. म्हातारी पाणी तापवत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. एक वाजून गेला. दीड वाजला. आवाज एकदम थांबले. हवालदार उभे राहिले. मी दाराकडे बघूही शकेना.

आणि मग मूल रडलं. बारीक, रागावलेलं रडणं. शेजारच्या खळ्यावरचं झोडणं थांबलं. म्हातारी चुलीपुढे बसल्या जागी ढसाढसा रडू लागली.

मुलगी होती. सिस्टर हात पुसत बाहेर आल्या आणि म्हातारीपुढे उभ्या राहिल्या. "मला नुसतं सांगायचं होतंत. मी थांबले असते."

"म्हनून तं नाय सांगितलं," म्हातारी म्हणाली. "सांगितलं असतं तं तुमी गेल्याच नसता. आज मी, उद्या आनखी कोनीतरी. तुमी जावं असंबी वाटत व्हतं, बाई. पन पोर झाल्यावर."

सिस्टरनी म्हातारीच्या डोक्यावरचा भुसा झटकला आणि चालू लागल्या. बांधावरून जाताना मात्र त्या एकदा थांबल्या, पदराने डोळे टिपले आणि मला म्हणाल्या, "किती वाजले?"

तीनला आम्ही ठाण्यासमोर होतो. कंपाउंडर ट्रंक घेऊन उभा होता. मुंबईची गाडी सुटून गेली होती आणि पुढची फार उशिरा होती, म्हणून मी जीपसाठी उपअधीक्षकांना फोन केला. साहेब खडूस होते. म्हणाले, जीप चौक गावापर्यंत, पुढे एक फर्लांगही नाही. चौकला मुंबई-पुणे रस्ता लागतो. मी खालापूरच्या ठाण्याला कळवलं. आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या माणसाने नाक्यावर मुंबईला निघालेला एक टेंपो थांबवून ठेवला होता. खोपोलीच्या शिळफाट्याहून फळांचे खोके घेऊन निघालेला ड्रायव्हर वैतागला होता. सिस्टर जीपमधून उतरल्या तसा तो त्यांना ओळखून स्टिअरिंग सोडून खाली आला आणि स्वतःच्या हाताने पुढची सीट पुसू लागला.

त्यांच्याबरोबर सांताक्रूझपर्यंत जायला कंपाउंडर मागे खोक्यांत चढला. दोन दिवसांपूर्वी मी ज्याला दोन तास उभा केला होता, तोच. मी त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "माझी चूक झाली." तो म्हणाला, "साहेब, आता ते राहू द्या. उशीर होतोय." टेंपो वळणाआड गेला तेव्हा चार वाजायला आले होते.

पुढे काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. शनिवारी सकाळी मी हजेरीला उभा होतो, पण कान रस्त्याकडे होते. कंपाउंडर आला, फाटकातच थांबला आणि म्हणाला, "गेल्या." सगळी हजेरी मोडली. कडक शिस्तीच्या ठाणे अंमलदाराने चहा मागवला.

डायरीत मी लिहिलं: हरवलेली वस्तू मिळाली, मालकाच्या ताब्यात दिली, तक्रार नाही. त्यात खोटं काही नव्हतं आणि पूर्ण खरंही नव्हतं. कायद्याने ती राहत्या घरातली चोरी होती. माझ्या हाताखालच्या कुणी अशी नोंद केली असती, तर मी त्याला जाब विचारला असता. तरीही तो कागद पुन्हा पुढे आला, तर मी तेच लिहीन.

या प्रकरणाआधी मला वाटायचं, गुन्ह्यामागे लोभ असतो, नाहीतर वैर. सोन्याची चेन सोडून कागद उचलणारा हात पाहून मी मुंबईपर्यंत टोळी शोधायला निघालो होतो आणि कारण चौकट धरून दारात बसलं होतं. ते हवालदारांना दिसलं, कारण ते माणसाकडे बघत होते आणि मी आरोपीकडे.

पुढच्या पंचवीस वर्षांत मी शेकडो जबाब घेतले. काय केलं, कधी केलं, कुणाबरोबर केलं, हे तर विचारावंच लागतं. पण त्या शुक्रवारनंतर मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो. कागदावर त्याला रकाना नाही, म्हणून लेखणी खाली ठेवून विचारायचो: तुला कशाची भीती वाटत होती? बहुतेक माणसं आधी पाणी मागायची. मी घाई करायचो नाही. मग ती बोलायला लागायची.