उशीपासून जमिनीपर्यंत

पार्किन्सन म्हटलं की लोकांना हात थरथरणं तेवढं ठाऊक. माझा हात फारसा थरथरत नाही. म्हणून मला काही आजारच नाही, असं माझ्या थोरल्या नणंदेचं मत होतं, आणि त्यांच्या मताला आमच्या घरात चाळीस वर्षं कुणी हात लावलेला नव्हता.

मी एसटीत कंडक्टर होते. लातूर ते नांदेड आणि परत. खच्चून भरलेल्या गाडीत दांडी न धरता तिकिटं दिली. आता सकाळी डोळे उघडतात, बाकीचं अंग उघडत नाही. पावसात भिजून घट्ट झालेलं सिमेंटचं पोतं कसं, तशी पडून असते. सहाला आमचे हे तोंडात गोळी घालतात, आणि ती अंगात उतरेपर्यंत मी पंख्याकडे बघत राहते.

दोन वर्षांमागं नणंद चाकूरहून लग्नासाठी लातूरला आल्या आणि आठ दिवस राहिल्या. दुसऱ्याच सकाळी दारात उभं राहून भावाला म्हणाल्या, "आमी या वयात भाकरी थापायलोत, अन् ही राणीसारखी लोळायली." मग उपाय निघाले. मेथीचे लाडू, गावच्या वैद्याचं तेल, आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे मनावर घेणं. इतकी कमी अक्कल आणि इतका मोठा आवाज एका बाईत मी दुसरीकडे पाहिला नाही, आणि मी माणसं काही कमी पाहिलेली नाहीत.

तिसऱ्या दिवशी हे दूध आणायला गेले, तेव्हा नणंदेनं माझा हात धरला आणि ओढलं. मी पलंग आणि कपाटाच्या मधल्या जागेत पडले. खांद्यातून कळ मस्तकात गेली. त्या घाबरल्या, पण क्षणभरच. लगेच म्हणाल्या की मीच अंग सोडलं.

खाली पडल्या पडल्या मी म्हणाले, "वन्सं, तुमाला कळत न्हाई तर न्हाई. निदान हात तरी लावू नका."

हे येईपर्यंत मी फरशीवरच होते. तेव्हा रेणापूरच्या थांब्यावरचा एक म्हातारा आठवला. उतरायला गाडीच्या दारात आला, पाय उचलायला बघत होता आणि उचलेना. "उतरा की, गाडी काय नावावर करून घेतली का," असं मी म्हणाले. गाडी हसली. मला बरं वाटलं होतं. त्याला काय झालं होतं, मी विचारलं नाही. नणंदेहून मी काही वेगळी नव्हते, मला खाकी गणवेश होता एवढंच.

खांदा बरा झाल्यावर नांदेडला व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईकडे गेलो. माझ्या लेकीच्या वयाची, चेहऱ्यावर दया अजिबात नाही, म्हणून मला पटली. सरळ उठून बसायचा हट्ट सोडा, म्हणाली. आधी गुडघे मोडायचे, दोन्ही एका बाजूला पाडायचे, मग हात, मग खांदा. पाय पलंगावरून खाली सोडायचे आणि कोपरावर जोर द्यायचा. अंग सरकावं म्हणून ह्यांनी माझी एक जुनी नायलॉनची साडी चादरीवर आडवी पसरली आणि कडा गादीखाली खोचल्या. लग्नापासून त्यांनी केलेलं हे पहिलं हुशारीचं काम.

दिवाळीनंतर नणंद पुन्हा आल्या. सकाळी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या, जणू तमाशाच लागला होता. मी गुडघे पाडले. खांदा मागं राहिला. परत पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला कोपर सरकलं. त्यांनी तोंड उघडलं, तसे हे दारातून म्हणाले, "आक्का, गप बस."

बहिणीला उलटून बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. आवाजही चढवला नव्हता. तिसऱ्या खेपेला माझी टाच थंड फरशीला लागली, मग दुसरी, आणि मी पलंगाच्या काठावर बसले. घाम आला होता.

नणंद खुर्चीतून उठल्या आणि विचारलं, चहा टाकू का. टाका, मी म्हणाले, साखर कमी. साखर त्यांनी भरपूर घातली. साधा चहाही वन्संना जमत नाही, असं मनात म्हणत मी तो काठावर बसून सगळा प्याले.