ब्लाउज मागत फिरलेले भावजी

साऱ्या बेंगळुरूत 'मला मान्य आहे' हे बटण दाबण्याआधी वरचा मजकूर शेवटपर्यंत वाचणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्याच नशिबी धाकटा दीर म्हणून आला. आम्ही बसवनगुडीत, भावजी तिकडे के. आर. पुरमला एकटे, पण दर रविवारी जेवायला येतात आणि आम्हालाच कायदा वाढतात. नवा फोन घेताना त्यांनी दुकानदाराला विचारलं, "हा माझा झाला, की कंपनी मला नुसता वापरू देतेय?" तो बिचारा म्हणाला, "सर, स्वल्प बाजूला व्हा, मागे गिऱ्हाईक आहे." घरात कुणी चोरून उतरवलेला सिनेमा लावला की हे ताट उचलून जिन्यात जाऊन बसतात. बरं, पैसे भरून लावावा, तर "कॉपी करता येत नाही त्याला विकत घेणं म्हणत नाहीत," म्हणून तेव्हाही जिन्यातच. चोरीचं नको आणि कुलपाचंही नको! एकदा मुलगी बघायला गेले आणि तिच्या वडिलांना, तुमच्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर चोरीचं तर नाही ना, असं विचारून आले. उप्पीट मात्र संपवून आले.

माझं चामराजपेटेत ब्लाउजवर कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी करून द्यायचं दुकान आहे. नक्षी मी काढते, सॉफ्टवेअर तिचे टाके ठरवतं, मशीन ते घालतं. गेल्या वर्षी कंपनीने ते जुनं सॉफ्टवेअर बंदच करून टाकलं. रीतसर विकत घेतलेलं, तरी एका सकाळी उघडेचना. आणि माझ्या इतक्या वर्षांच्या सगळ्या नक्ष्या त्याच्याच कुलपात, दुसऱ्या कशात उघडतील तर शपथ! त्यात एका लग्नघराची ऑर्डर अंगावर. थोरलीच्या ब्लाउजवर मी काढलेली कमळाची वेल धाकटीलाही हवी होती. शेजारचा दुकानदार म्हणाला, "अक्का, क्रॅक घाला, कुलूप आपोआप तुटतं, सगळेच घालतात." माझे हात शिवशिवत होते. "माझ्याच नक्षीला कुलूप, आणि उघडलं तर मीच चोर होय?" मी भावजींवर कडाडले. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, कुलूप तोडायला कायद्याची आडकाठी आहे. कापडाकडे बघायला नाही."

झालं! पन्नाशीचा हा ब्रह्मचारी माझ्या जुन्या गिऱ्हाइकांची दारं वाजवत सुटला. "अक्का, तुमचा एखादा जुना ब्लाउज बघायला मिळेल का?" एका घरातून यजमान काठी घेऊनच बाहेर आले. दुसऱ्या घरून मला फोन, "हे खरंच तुमचे दीर का हो?" मी लाजेने अर्धी झाले. पण भावजी मिळेल तो ब्लाउज उलटा करून, भिंगातून टाके बघत, कुणाचंच कुलूप नसलेल्या एका मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एकेक नक्षी पुन्हा उभी करत होते. मला तर रडूच आलं. मोर आला, कोयरी आली, मीच विसरलेली शंखांची किनारसुद्धा आली.

अडली ती नेमकी कमळवेल. थोरली परदेशात; तिने फोटो पाठवला, आकार मिळाला. पण हिच्या पाकळ्या भरीव, आणि भरीव टाक्याखाली आधी आधाराचे कुठले टाके पडलेत ते फोटोत कसं दिसणार? त्याला उसवावंच लागतं, आणि उसवायला ब्लाउज देणार कोण? लग्न तोंडावर आलं. मी ऑर्डर परत करायला निघाले, तेवढ्यात भावजी दुकानात आले. हातात माझ्या सासूबाईंचा ब्लाउज. त्या गेल्यावर भावजींनी त्यांची एवढीच वस्तू मागून घेतली होती. तीच वेल मी त्यांनाही काढून दिलेली, आणि एका बाहीवरची भावजींनी घरूनच टाका टाका उसवून आणली होती.

"अहो, हे काय केलंत!"

"आईला विचारलं असतं तर तिनेच कात्री आणून दिली असती," म्हणाले आणि कॉम्प्युटरसमोर बसले.

ऑर्डर वेळेवर गेली. मग मी ती बाही पुन्हा भरायला घेतली. जुन्या भोकांवर नवे टाके काही तंतोतंत बसेनात, जरासे सरकलेच. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "तुमचीच नक्षी तुम्हाला मिळाली, त्यात आभार कसले?" देवा, अशा माणसाचे उपकार फेडायचे तरी कसे? निदान दोन्ही बाह्या सारख्या दिसाव्यात म्हणून दुसरीही नव्याने करून देते म्हटलं. त्यांनी ब्लाउज माझ्या हातातून काढूनच घेतला.

"ती राहू दे, वहिनी," म्हणाले. "ती आईने घातलेली आहे."