मधल्या जागेतलं प्रश्नचिन्ह

गारखेड्यातल्या घरी लेक पेन्सिलीला टोक करत होती. त्या लाकडाच्या वासानं मी नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांतल्या, चंद्रपूरकडच्या तंबूत पोचलो. एकमेकांपासून लांब घेतलेल्या दोन बोअरमधून निघालेले ओले दगड समोर होते, आणि त्यांवरून दोन्हींच्या मधलं जमिनीखालचं लोहखनिज मी कागदावर सलग लाल रंगवलं होतं. माझे वरिष्ठ जोशीसर, त्यांनी खोडरबर पुढं सरकवलं. "मधे उतरून पाहिलंय कुणी? तुटक रेघ ओढा, प्रश्नचिन्ह काढा." मला तेव्हा ती हार वाटली होती.

आता ते चित्र संगणक रंगवतो. काल मीटिंगआधी मी तरुण सहकाऱ्याला विचारलं, "खात्री नसलेला भाग यात दिसत नाही का?"

"दिसतो ना सर. पण साहेबांसमोर आपण तो बंद ठेवतो."

मीटिंगमध्ये पडद्यावर सगळं सलग लाल होतं. खाण मंजूर झाली. खोडरबर पुढं सरकवणारं तिथं कुणीच नव्हतं.