पडद्याच्या मागची बाजू

जेवणानंतर वैजयंता टेबलावर क्षणभर डोकं टेकते. हाताखाली साप्ताहिकाचं पहिलं पान आहे. गावाच्या नव्या पाण्याच्या टाकीला तडे गेलेत, टाकी नगराध्यक्षांच्या मेव्हण्याने बांधलीय, आणि खाली अख्खी वस्ती नांदतेय, अशी बातमी. संपादकाची सही झाल्याशिवाय पान मशिनवर चढत नाही, ही तिच्या आधी साप्ताहिक चालवणाऱ्या शिदूमामाने घातलेली रीत. आता संपादक तीच, आणि सही अजून झालेली नाही. छापखान्याची जागा नगरपालिकेची, आणि सकाळीच निरोप आलाय, "बाईंना म्हणावं, जागेचा विचार करा." पाण्यात राहून माशाशी वैर करायचं तरी कसं? डोळे जड होतात. पंख्याची घरघर हळूहळू प्रोजेक्टरची होते.

ती जत्रेतल्या तंबूत बसलेली आहे. अर्थात पडद्याच्या मागच्या बाजूला. तिथं तिकीट अर्धं. शेजारी मांडी घालून शिदूमामा. त्याला जाऊन कैक वर्षं झालीत, पण बोटांना खिळ्यांच्या छापखान्याची काळी शाई तशीच आहे. पडद्यावरची नावं उलटी दिसतात, आणि जन्मभर शिशाच्या अक्षरांचे उलटे खिळे जुळवलेला मामा ती सरळ वाचतो. सिनेमा तोच जुना. छोट्या गावातला पत्रकार, मागावर असलेले गुंड, आणि कंदिलाखाली बातमी लिहिणारा त्याचा डावा हात.

"मामा, हा डावरा नव्हताच," ती म्हणते. "आपण मागनं बघायचो म्हणून तसा दिसायचा. आणि त्याच्यापायी मी डाव्या हातानं लिहीत सुटले, मास्तरांच्या छड्या खाल्ल्या!"

"छड्या खाल्ल्यास, हात बदललास, पर लिव्हणं सोडलं न्हाईस," मामा हसतो.

तंबूला आता छत नाही. वर टाकी उभी आहे, आभाळाएवढी, आणि तिच्या तड्यांतून पाणी नाही, उजेड गळतोय. खाली वस्तीतली माणसं, जिवंत आणि गेलेलीही, मांडीला मांडी लावून वर बघतायत. वैजयंताचे हात आपोआप जोडले जातात. एवढं मोठं काही तिने जन्मात पाहिलेलं नाही.

"मामा, शेवटी त्याचं काय होतं? मारतात का त्याला?"

"मला काय म्हाईत?"

"दर जत्रेला तर बघायचास!"

"तू मधीच झोपायचीस. तुला खांद्यावर टाकायचं आन् घर गाठायचं. शेवट कुठला बघतोय?"

ती थक्क होते. "तरी कारखान्याच्या चेअरमनविरुद्ध छापलंस? पाय मोडून घेतलास?"

"शेवट बघून कोण छापतंय, वैजू?" तो तिचं डावं मनगट घट्ट धरतो. "ऊठ. मशीन खोळंबलंय."

"बाई, पान उचलू का?" दारात मशीनवाला गौस उभा आहे. डोळे चोळायला ती हात वर करते आणि तसाच धरून राहते. डाव्या मनगटावर पाच बोटं उमटलीत, दाट, काळी, अजून ओली. खिळ्यांचा छापखाना मामाबरोबरच बंद झाला. तसली शाई इथं आता औषधालाही सापडत नाही.

तिला भीती वाटतेच आहे. ती पेन उजव्या हातातून डाव्यात घेते आणि सही करते. सही शाळकरी पोरीसारखी वाकडी येते.

"उचल," ती म्हणते.