बंद पडलेल्या मालिकेचे पुढचे भाग

एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईघर होतं आणि त्याच्या मागच्या अंगाला चादरींच्या घड्या घालायची खोली. तिथं कामाला असलेल्या एका बाईला सगळ्याजणी मालिकाताई म्हणायच्या. तसं नाव तिचंही चांगलं होतं, पण ते पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवायचं. बाकीच्या बायकांच्या घरी टीव्ही होता, पण रिमोट कुणाच्या नवऱ्याच्या मुठीत, तर कुणाच्या सासूच्या उशीखाली. मालिकाताईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे तिच्या घरी तिचंच राज्य. रात्री बघायचं आणि सकाळी घड्या घालता घालता सगळ्यांना सांगायचं. सांगायचीही असं, की बघणारीला वाटावं, आपण उगाच डोळे दुखवले.

इस्पितळाची मोठी चादर एकटीनं घडी होत नाही. दोघींनी कोपरे धरायचे, झटकायची, ताणायची, मग चालत एकमेकींजवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा आणि पुन्हा मागं सरायचं. मालिकाताईच्या समोरच्या टोकाला कायम लांबाक्का, ताडमाड बाई. दोघींची जोडी इतकी जुनी, की एकीला शिंक येणार असली तर दुसरी आधीच चादर सैल सोडायची.

त्या वर्षी मालिका लागली होती दोन मुलींची. एक शिक्षिका, दुसरी बेकरी चालवणारी, आणि दोघींचा जीव एकमेकींवर. मैत्रिणींचा असतो तसा नव्हे, संसार मांडायचा तसा. पहिल्या दिवशी खोलीत नाकं मुरडली गेली.

"अगं बाई, हे काय आता नवीन?" उशांचे अभ्रे दुमडणारी म्हणाली.

"नको असेल तर कान झाक," मालिकाताई म्हणाली, "हात तेवढे चालू ठेव."

कान कुणी झाकले नाहीत. महिना जातो न जातो तोच ती अभ्रेवाली सकाळी आल्या आल्या विचारायला लागली, "बेकरीवालीचा ताप उतरला का गं?" आणि शिक्षिकेच्या आईनं पोरीच्या तोंडावर दार लावलं, तेव्हा लांबाक्कानं त्या आईचा असा उद्धार केला, की सुपरवायझर डोकावून गेली.

मालिकाताई मनातून सुखावली. कारण तिच्या घरीही हीच गोष्ट होती. लेक लिफ्ट दुरुस्त करायची. लेकीची जोडीदारीण चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तिघी एकाच घरात गुण्यागोविंदानं राहत होत्या. लांबाक्काला वाटायचं, ती चष्मेवाली भाडेकरू आहे. ताईला पोरींची लाज नव्हती. अडलं होतं एवढंच, की सुरुवात कुठून करावी ते उमगत नव्हतं. आणि आता तर घाई झाली होती, कारण लांबाक्कानं आपल्या भाच्याचा ध्यास घेतला होता.

"तुझी लेक आणि माझा भाचा. जोडा कसा शोभून दिसेल! रविवारी घेऊनच येते त्याला."

"बघू गं."

"बघू काय? बघायलाच तर येतोय."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि खोटं कारण लांबाक्काला चादरीच्या ताणावरूनसुद्धा कळलं असतं. म्हणून ताईनं बेत केला होता. मालिकेतली आई ज्या दिवशी दार उघडेल, त्याच्या दुसऱ्या सकाळी आपलं सांगून टाकायचं. लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "सांग की. मी काय लपून बसलेय?"

आणि नेमकी मालिकाच बंद झाली. लोकांनी म्हणे तक्रारी केल्या, जाहिरातवाले बिचकले आणि चॅनेलनं हात झटकले. त्या वेळेला गाण्याची स्पर्धा सुरू झाली. मालिकेतली आई बंद दाराआड उभी होती, ती उभीच राहिली.

ताई आधी चरफडली. मग चहा केला, प्यायली आणि म्हणाली, दार उघडायला चॅनेलवाले कशाला लागतात? सकाळी खोलीत गेली आणि नेहमीच्या सुरात पदरचा भाग सांगायला लागली. आईनं दार उघडलं. अभ्रेवालीनं डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी बेकरीवाली घरात राहायला आली. तिसऱ्या दिवशी तिनं आईच्या डोळ्यांचा नंबर तपासला आणि नवा चष्मा करून दिला.

"बेकरीवाली नंबर कशी तपासते गं?" अभ्रेवालीनं विचारलं.

"शिकली असेल मधल्या काळात."

लांबाक्का ताईच्या नाकावरच्या नव्या कोऱ्या चष्म्याकडे बघत राहिली. मग चादर ताणलेली तशीच धरून म्हणाली, "माझी जाऊ म्हणते, ती मालिका कधीच बंद झाली. मग तू आम्हाला रोज काय सांगतेस?"

खोलीतले हात थांबले.

"माझ्या घरचं," ताई म्हणाली. आवाज जराही पडला नाही. "माझी लेक आणि ती चष्मेवाली. भाडेकरू नाही ती. त्यांचा संसार आहे आणि चांगला चाललाय. तेव्हा रविवारी भाच्याला आणू नकोस, बिचाऱ्याचा दिवस वाया जाईल."

लांबाक्कानं चादर सोडली. ती पसरली जमिनीवर, म्हणजे पुन्हा धुवायला गेली. टॉवेल दुमडणारी "शोभतं का हे" असं पुटपुटत आपलं टेबल लांब सरकवून बसली, आणि पुढं कित्येक दिवस ते टेबल तिथंच राहिलं.

"इतकी वर्षं मी या टोकाला उभी आहे," लांबाक्का म्हणाली, "आणि तू मला टीव्हीतून सांगणार? मी काय कुणी परकी प्रेक्षक आहे?"

"रागावलीस?"

"रागावणार नाही तर काय! भाच्याला नवा शर्ट घ्यायला लावला मी." तिनं ढिगातून दुसरी चादर ओढली आणि दोन कोपरे ताईच्या हातात दिले. "धर नीट. रविवारी मी येणार म्हणजे येणार. मुलगी बघायला निघालेली बाई मी. तुझ्या लेकीला पाहिलंय, आता दुसरीला बघते."

रविवारी ती खरंच आली, एकटीच. चष्मेवालीला समोर बसवलं आणि भाच्यासाठी जमवून ठेवलेले सगळे प्रश्न तिलाच विचारले.

"स्वयंपाक कोण करतं?"

"जी आधी घरी येईल ती."

"आणि भांडण झालं तर?"

"आई मध्ये पडते."

"कुणाच्या बाजूनं?"

"माझ्या," दोघी पोरी एकदमच म्हणाल्या.

मालिकाताई काहीतरी सांगायला पुढं सरकली.

"तू गप गं," लांबाक्का खुर्ची ओढून घेत म्हणाली. "रोज तूच बोलतेस. आज मी पोरींकडून ऐकतेय."