आभासी वर्ग आणि आठवी ब

शाळेच्या स्टाफरूममध्ये चहा संपतो, किस्से संपत नाहीत. त्यातून रहिमतपूरकडच्या आमच्या शाळेत चेअरमनसाहेबांचे जावई अमेरिकेहून ते हेल्मेट घेऊन आले, आणि किस्स्यांचा नुसता ढीग लागला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. डोळ्यांवर चढवलं की कॉम्प्युटरमधलं जग आपल्याभोवती उभं! "यापुढे शिक्षण असंच होणार," जावई म्हणाले. त्यासाठी आठवी ब चा वर्ग रिकामा झाला. तिथं एसी बसला, गालिचा आला. मुलं गेली सायकल स्टँडमध्ये. मी त्यांचा वर्गशिक्षक, म्हणून मीही.

*

खोलीबाहेर पाटी लागली : 'चपला काढून आत यावे.' शेजारी दुसरी : 'आत येण्यास मनाई आहे.' दोन्ही पाट्या हेडमास्तरांच्याच!

*

खंडेनवमीला हेडमास्तरांनी हेल्मेटची यथासांग पूजा केली. ओलं कुंकू लावलं, तेही आतल्या भिंगांना.

दिवाळीआधी साताऱ्याचे पाहुणे आले. हेल्मेट घालून म्हणाले, "वा! मंगळ ग्रह का?"

"नाही साहेब," जावई म्हणाले, "हिमालय!"

*

एकदा चेअरमनसाहेब हेल्मेट घालून "वा, वा!" करत होते, तेवढ्यात वीज गेली. सांगणार कोण? शेवटी शिपाई म्हणाला, "आवं साहेब, लाईट गेलीया."

"मग? मला दिसतंय की!"

*

पावसाळ्यात स्टँडचे दोन पत्रे उडाले. पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन उभी. मी तसाच भिजलेला ऑफिसात गेलो आणि म्हणालो, "सर, वर्ग परत द्या."

हेडमास्तर म्हणाले, "पाऊस काय, चार महिन्यांचा. भविष्य कायमचं आहे!"

असा संताप आला होता! पण नोकरी होती.

*

मग शिक्षणाधिकारी आले. मशीन मुलांसाठीच आहे, हे दाखवायला एक मूल हवं होतं. आठवी ब मधल्या सुनंदाला केस विंचरून आणलं, गालिच्यावर उभं केलं आणि हेल्मेट चढवलं.

"काय दिसतंय, बाळ?" साहेबांनी विचारलं.

"शाळा दिसतीया, सर. भिंती हायती, बाकडी हायती, फॅन बी हाय."

"शाब्बास!" हेडमास्तर खूश. "अजून?"

तिनं मान फिरवून चारी बाजूंना पाहिलं.

"प्वारं न्हाईत कुणी. वर्ग रिकामाच हाय." मग म्हणाली, "सर, आमी आठवी ब जाऊन बसू का तितं?"