पळण्यासाठी काढलेलं प्लॅटफॉर्म तिकीट

मे महिन्यात आई गाडीत चढली आणि मी प्लॅटफॉर्मवर राहिलो. माझं पळणं तिथून सुरू झालं.

डोंबिवलीला भावाच्या मुलीचं बारसं होतं. आमच्या स्टेशनवर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. आपला डबा इंजिनाकडून तिसरा येणार, असं मी आईला छातीठोकपणे सांगितलं. कुणाला विचारायची गरज मला वाटली नाही. डबा शेवटून तिसरा आला. आईचं वय तेव्हा एकाहत्तर. तिने पातळाच्या निऱ्या वर खोचल्या, पिशवी काखोटीला मारली आणि ती सुटली. माझं वय अठ्ठेचाळीस. माझ्याकडे आंब्याच्या दोन पेट्या आणि एक फणस होता हे खरं, पण फणस मी दहा पावलांवरच खाली ठेवला होता, त्यामुळे सगळा दोष त्याला देता येत नाही. तालुक्याच्या कचेरीत वीस वर्षं टेबलामागे बसून मी जे कमावलं होतं, ते पोट माझ्या पुढे पुढे धावत होतं. अर्ध्या वाटेत डोळ्यांपुढे काजवे चमकले. गाडी हलली तेव्हा आई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

तिचा फोन आणि आमची तिकिटं, दोन्ही माझ्या खिशात होती. शेजारच्या बाईच्या फोनवरून तिने भावाला कळवलं, त्याचा नंबर तिला तोंडपाठ आहे. ठाण्याला तो तिला घ्यायला आला. मी आंबे घेऊन घरी परतलो. प्लॅटफॉर्मवरच्या चहावाल्याने फणस तेवढा सांभाळून ठेवला होता.

आठ दिवसांनी ती आली आणि पुढे महिनाभर घरी येणाऱ्या प्रत्येकाला तिने ही हकीकत रंगवून सांगितली. त्याचं मला विशेष काही वाटलं नाही. पण एका सकाळी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "हेच्यापुढे मुंबैक माझी मी जातंय. तुका धावूचा जमणा नाय."

आवाजात राग नव्हता, आणि तेच मला लागलं. धाकटा मुंबईला कमावतो, नाव काढतो. मी इथे आईजवळ राहतो, तिला आणतो-नेतो, एवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं काम. त्यातूनही तिने मला मोकळं केलं होतं.

मी रस्त्यावर पळायला सुरुवात केली आणि तिसऱ्या दिवशी बंद केली. आमच्याकडे माणूस कारणाशिवाय पळत नाही. मागून येणारी प्रत्येक स्कूटर थांबायची आणि म्हणायची, "खंय चललंस? बस मागे." नको म्हटलं तर माणसं दुखावतात. पहिल्या दिवशी मी दोनदा बसलो आणि नांदगावच्या तिठ्यावर उतरून चालत परत आलो. दुसऱ्या दिवशी कुणालाच दाद दिली नाही, तर घरी पोचेपर्यंत अंगणात तिघे जण आईची चौकशी करायला आलेले. मी असा पळतोय म्हणजे म्हातारीचं काहीतरी बिनसलं, असा हिशेब त्यांनी केला होता. आई केरसुणी हातात घेऊन त्यांच्यापुढे उभी होती आणि आपण ठणठणीत असल्याचं पटवून देत होती. तिसऱ्या दिवशी कुत्रे लागले.

आमचा गाव सगळा चढ-उताराचा. सलग सपाट अशी जागा एकच, ती म्हणजे प्लॅटफॉर्म. शिवाय मला पळायचं होतं ते तिथेच. स्टेशन मास्तरांनी माझं ऐकून घेतलं, जरा वेळ माझ्या पोटाकडे पाहिलं आणि तिकीट काढून खुशाल पळा, पण गाडीच्या वेळेला नको, असं सांगितलं. तेव्हापासून रोज पहाटे मी प्लॅटफॉर्म तिकीट काढत असे. पळण्यासाठी तिकीट काढणारा जिल्ह्यात मी एकटाच असणार.

पहिल्या आठवड्यात माझी मजल वजनकाट्यापासून पाण्याच्या नळापर्यंत होती. तिथे गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहायचो. चहावाला बाकडं पुसून ठेवायचा. जुलैत मी पायऱ्यांच्या पुलापर्यंत पोचलो. पावसात फरशी निसरडी व्हायची, दोनदा आपटलो, एकदा कोपर सोलवटलं. गणपतीच्या सुमारास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता गेलो, आणि आसपास कोणी नाही असं बघून स्वतःशीच हसलो. घरी येऊन मी आज कुठवर पोचलो ते आईला सांगत असे. चुलीपुढे पाटावर बसून ती ऐकायची आणि मान डोलवायची.

त्या पावसात तिने घरामागे परड्यातल्या विहिरीवर जाणं सोडलं होतं. शेवाळाला भिते, असं मला वाटलं. देवळाच्या पायऱ्यांवर ती मध्येच बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायला लागली होती. वयाप्रमाणे बोलणं वाढतं, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. चार महिने मी रोज दम मोजत होतो, तो माझा.

दिवाळीला भावाने बोलावलं. मीही येणार म्हटल्यावर आई नाही म्हणाली नाही, याचा मला फार आनंद झाला. या वेळी मी मास्तरांना विचारून डब्याची जागा पक्की केली. डबा पार पुढच्या टोकाला येणार होता. आई मात्र शिरल्याबरोबर पहिल्या बाकावर बसली. म्हटलं, आताच पुढे जाऊन बसू, तर म्हणाली गाडी येऊ दे, मग येते. मला ते पटलं. मेमध्ये तिला पळताना मी पाहिलं होतं.

गाडी आली. मी दोन्ही बॅगा उचलल्या आणि पळालो. खरंच पळालो. डब्याच्या दाराशी पोचलो तेव्हा मला नीट श्वास घेता येत होता. बॅगा आत ठेवल्या आणि आईला हात द्यायला वळलो.

ती नळापाशी होती. नळाची तोटी धरून वाकून उभी होती, आणि दुसरा हात हलवून मला जा जा म्हणत होती.

मी बॅगा खाली ओढल्या, तिथेच टाकल्या आणि उलटा धावलो. समोरच्याच डब्यात तिला चढवावं असं मनात होतं, पण जवळ गेल्यावर दिसलं की तिच्यात पायरी चढण्याचंही त्राण नाही. कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"तू जा रे," ती म्हणाली. "माका जमणा नाय."

गाडी आमच्या दोघांच्या समोरून गेली. चहावाल्याने बाकडं पुसलं, तिथे तिला बसवलं. तिचा श्वास खाली बसेपर्यंत मी तिचा हात धरून होतो. कधीपासून असं होतंय, असं विचारलं, तर म्हणाली, पावसापासून.

मला तिचा राग आला आणि त्याहून माझा आला. "सांगलंस कित्याक नाय?"

तिने पदराने कपाळ पुसलं. "तू धावत होतंस. खुशीत होतंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनवर गेलो नाही. कणकवलीच्या डॉक्टरांकडे जायला दारात रिक्षा बोलावली होती. पायरीपासून रिक्षापर्यंत अंगण तेवढं ओलांडायचं होतं. आम्ही ते दोनदा थांबून ओलांडलं.